मदत हवी आहे: मातीच्या घरातली उंदराची भोकं सिमेंटनं बुजवली तरी टिकत नाहीत

तुरीचा_कट्टा:
घर दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात आहे. मागचा भाग जुना, १८ बाय १२ फुटांचा. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर कवेलू (कौलं). समोरच्या दोन खोल्या विटांच्या, वर टिनं. जागा काळ्या मातीची, त्यामुळे उन्हाळ्यात जोत्याला लागून बोटभर भेग पडते. तूर-सोयाबीनचे कट्टे (पोती) मागच्या भागातच असतात.

मातीच्या भिंतीतली भोकं सिमेंटनं बुजवली की महिन्याभरात अख्खा गोळा सुटून येतो. टिन आणि भिंतीमधल्या फटीत फवारायचा फोम चालेल का? न्हाणीचा ४ इंची पाइप सरळ नालीत सुटतो, त्याचं काय करावं? घरात लेकरू आणि मांजर आहे, त्यामुळे औषध ठेवायचं नाही. मिस्त्री सांगून ठेवला आहे, सामान किती आणू?

घमेलं_थापी:
आधी येतो तो कोण, ते ठरवा. तांदळाच्या दाण्याएवढी लेंडी असेल तर लहान उंदीर. त्याला ६ मिमीची फट पुरते, म्हणजे पेन्सिल शिरली की तो शिरला. अर्धा इंच लांब लेंडी असेल आणि आढ्यावरून धावपळ ऐकू येत असेल, तर कवेलूतून उतरणारा मोठा उंदीर. बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढिगारा असेल आणि सकाळी तोंड मातीनं बुजलेलं दिसत असेल, तर ती घूस. घूस खालून येते, उंदीर वरून. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत, कारण घर दोन्हीकडून उघडं आहे.

गोळा का सुटतो? कोरडी माती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते, मसाला भुसभुशीत राहतो आणि भिंतीला धरत नाही. वरून तो मातीपेक्षा कडक. उंदीर सिमेंटला हात लावत नाही, बाजूची मऊ माती उकरतो.

भोक आधी मोठं करा, पक्की माती लागेपर्यंत, निदान ४-५ इंच खोल. तोंडापेक्षा आतून रुंद कोरा, म्हणजे भरलेलं बाहेर सरकत नाही. पाणी मारून ओलं करा. आत दगडाच्या चिपा ठोकून बसवा. वरून ८ घमेली चाळलेला मुरूम किंवा पांढरी माती आणि १ घमेलं सिमेंट, असं घट्टसर कालवून थरा-थरानं ठोका. त्यावर पाव इंची चौकोनी छिद्रांच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) जाळीचा तुकडा, भोकाच्या चहूबाजूंनी ४ इंच जास्तीचा, ३ इंची यू खिळ्यांनी बसवा आणि मातीचं लिंपण करा. तीन-चार दिवस ओलं पोतं लावून ठेवा. लिंपणाच्या मातीत कुटार (भुसा) घालणार असाल तर चाळून घाला. दाणे राहिले तर उंदराला भिंत उकरायला तुम्हीच कारण दिलं. काळी माती मात्र कुठंच वापरू नका, वाळली की पुन्हा फाटते.

वळचण:
जोत्याच्या भेगेबद्दल. मे महिन्यात भेगेत सिमेंट ओतलं तर जून-जुलैत जमीन फुगते आणि तेच सिमेंट उचलून फेकते. भेगेत बारीक खडी आणि मुरूम कोंबा, ते जमिनीसोबत हलतात.

घुशीसाठी जाळी उभी २ फूट खोल गाडायची रीत पुस्तकात असते. मातीच्या भिंतीला ते करू नका. इतकं खोल खोदलं तर भिंतीचा पायाच उघडा पडेल. जाळी आडवी टाका. भिंतीलगत ६ इंच खोल, २ फूट रुंद चर काढा, तेही एका वेळी ६-७ फुटांचाच. ३ फूट रुंद जाळीचा १ फूट भिंतीवर चढवा, २ फूट चरात पसरा, वर मुरूम दाबून उतार बाहेर काढा. घूस सहसा भिंतीच्या मुळाशी खोदते. जाळी लागली की मागं सरकून दोन फुटांवरून बोगदा घालायचं तिला सुचत नाही.

उघड्या तीन बाजू धरल्या तर ४२ फूट. ५० फुटांचं एक बंडल पुरतं, जोडाला ६ इंच एकावर एक घ्या. जमिनीत अर्धा इंची, जाड तारेची जाळी. भोकांना आणि टिनाला पाव इंची, ती १५ फूट वेगळी. कोंबड्यांची सहाकोनी जाळी स्वस्त मिळते, पण लहान उंदीर तिच्यातून आरपार जातो.

नालीकाठ:
भाऊ, फोमच्या भरवशावर राहू नका. उंदराले तो खुसखुशीत पापड आहे. टिनाच्या नागमोडी फटीत नुसता मसालाही टिकत नाई, उन्हात टिन ताणते अन् मसाल्याले चीर जाते. पाव इंची जाळीची ६ इंची पट्टी कापा, घडी करून फटीत दाबून बसवा, खालची कड भिंतीत खिळ्यानं ठोका. हवा खेळते, उंदीर अडते. पट्टी टिनाले खिळू नका, पावसात तिथूनच गळन.

न्हाणीच्या पाइपाले बाहेरच्या तोंडावर जाळीची टोपी, पट्टीच्या क्लिपनं कसलेली. पक्की बसवू नका, केस-साबण अडकून आठवड्यात तुंबते. काढून धुता आली पाहिजे.

विजेच्या वायरच्या भोकात तारेची घासणी कोंबायची असन तर पहिले मेन बंद करा. उंदरानं वायरचं आवरण कुरतडलं असन अन् त्याले तार टेकली, तर भोकापेक्षा मोठी भानगड होते.

घमेलं_थापी:
दाराखालची फट राहिली. लाकडी दाराच्या खालच्या १ फुटाला बाहेरून २४ गेजचा पत्रा ठोका, उंबऱ्यापासूनची फट ६ मिमीपेक्षा कमीच ठेवा. नुसती रबराची पट्टी एका रात्रीत कुरतडतात. गॅसची नळी साध्या रबराची असेल तर आत तारेचं विणकाम असलेली घ्या. आणि गॅसच्या खोलीतली खालची झरोक्याची जागा बुजवू नका, तिला फक्त जाळी.

क्रम चुकवू नका. उंदीर आत ठेवून भोकं बुजवली तर ते दार कुरतडतील नाहीतर भिंतीत मरून वास मारतील. प्रत्येक भोकात कागदाचा बोळा घाला. दोन रात्रींत जो ढकलला गेला, ते चालू भोक. चालू भोकांपैकी एक सोडून सगळं बुजवा. सात-आठ सापळे भिंतीला काटकोनात, ट्रिगरची बाजू भिंतीकडे, आणि लेकरू-मांजर पोहोचणार नाही अशा खोक्याखाली ठेवा. पहिल्या दोन-तीन रात्री न ताणता नुसतं सुकट किंवा शेंगदाणा लावा, उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. मग ताणा. सलग तीन रात्री काहीच सापडलं नाही, बोळाही हलला नाही, की शेवटचं भोक.

लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं उचला, हातात मोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

तुरीचा_कट्टा:
जाळी यवतमाळहून आणतो. कवेलूचं मात्र कोणीच लिहिलं नाही.

वळचण:
कारण नळीचं कवेलू बंद होत नाही. शेकडो तोंडं असतात, वरून माकडं सरकवतात. छपरावर टेकलेल्या फांद्या ३-४ फूट मागं छाटा, तेवढ्यानं येणं कमी होईल, थांबणार नाही. म्हणून तूर छपराखाली उघडी ठेवूच नका. झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या कोठीत भरा. न मावणारे कट्टे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट सोडून रचा, म्हणजे मागून फिरून बघता येतं. भोवती चाळलेल्या राखेचा हातभर रुंद पट्टा रोज संध्याकाळी सारखा करा. सकाळी राखेत पावलं ज्या बाजूनं आलेली दिसतील, त्या बाजूच्या भिंतीपासून भोक शोधायला सुरुवात करा.