सी-१०४ कडे नागपूरला अकरा जण? (सोसायटी ग्रुप, इंदिरानगर, नाशिक)

बी-३०२: रविवारी पहाटे आपल्यातले अकरा जण नागपूरला, तिकडे राहायला गेलेल्या सी-१०४ च्या काका-काकूंकडे निघतायत आणि मुक्काम तीन रात्रींचा, हे आज पार्किंगमध्ये कानावर आलं. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चारच महिने झालेत. घर दोन बेडरूमचं, बाथरूम एक, त्यात मे महिना. काकांना विचारलं तर ते "या, या"च म्हणणार. काकूंना कुणी विचारलंय का?

ए-४०१: वहिनी, काकांशी दोनदा बोलणं झालंय. आग्रह त्यांचाच आहे. ग्रुपवर टाकण्याआधी मला एक फोन केला असतात तर बरं झालं असतं 🙏

बी-३०२: दादा, मी विचारलं ते काकूंबद्दल.

बी-१०१: निघणाऱ्यांसाठी. टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. गाडी माणसांनी आणि सामानाने भरली असेल तर फुल लोडचा आकडा घ्यायचा, तो वेगळा लिहिलेला असतो. वाटेत तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती सोडायची नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक चक्कराला वाकते, तापते आणि फुटते.

सी-३०४: काका, द्वारका चौकाच्या सिग्नललाच तापतील टायर 😄

ए-१०३: जाणाऱ्यांनी आधी एक सांगावं. मागे राहणाऱ्या गाड्या कुठे लावणार? गेल्या मेमध्ये एक गाडी टाकीच्या झाकणावर आठ दिवस उभी होती. टँकरवाल्याला पाइप टाकता येईना. नाव घेत नाही.

सी-३०४: नंबर प्लेट सगळ्यांना पाठ आहे काका.

बी-२०२: किल्ली वॉचमनकडे दिली होती. मीटिंगमध्ये हा विषय मिटला होता. परत काढायचाच असेल तर जिन्यातल्या चपलांच्या कपाटाचंही बोलू.

अध्यक्ष: सर्वांना विनंती, विषयावर राहावे. टाकीच्या झाकणावर कुणीही गाडी लावू नये. धन्यवाद.

सी-२०१: बी-३०२ वहिनींचं बरोबर आहे. माझं माहेर अमरावती, म्हणून तिकडच्या घरात मेमध्ये काय चालतं ते लिहिते. रात्रीची झोप कूलरवर असते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत ओढतो, म्हणून समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं लागतं. आपल्याकडची मंडळी एसीच्या सवयीने सगळं बंद करतात. मग तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि कूलर बिघडला म्हणून यजमानांना उठवतात. दुसरं म्हणजे कूलरची टाकी संध्याकाळी बादल्यांनी भरावी लागते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने बादल्या उचलायच्या का? एका घरात कूलर दोन, माणसं तेरा. हिशोब जमत नाही.

ए-४०१: म्हणजे जाऊच नये का?

सी-२०१: जाऊ नये असं कुठे म्हटलं? जरूर जा, काकूंना हवंच आहे कुणीतरी. मुक्काम तेवढा त्यांच्या घरी नको. जवळच्या लॉजवर दोन-तीन खोल्या घ्या. सकाळच्या वेळी एकदा आणि संध्याकाळी सहानंतर एकदा घरी जाऊन बसा. दुपारी १ ते ५ तिकडे कुणाच्या दाराची बेल वाजवायची नाही. पडदे ओढून अख्खं घर आडवं झालेलं असतं.

बी-३०२: हेच मला म्हणायचं होतं 🙏 दिवाळीच्या बसच्या वेळीही हेच झालं होतं. आधी ठरतं, मग सांगतात.

ए-४०१: बसचा हिशोब लेखी दिलेला आहे.

बी-१०१: परत टाकतो, वर गेलं म्हणून. टायरची हवा पहाटे, गाडी थंड असताना. आणि टायरचं वयही बघा. बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी जुनं रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. तसला टायर घेऊन समृद्धीवर चढू नका. स्टेपनीही बघून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत ती बारीक चाकाची असते, तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही. ते तिच्यावरच लिहिलेलं असतं.

बी-२०२: समृद्धीला गोंद्याहून चढायचं ना? मॅपवर टाकलं तर मुंबई रोड दाखवतोय.

सी-३०४: गोंदे दुमाला टाकलंत वाटतं, तो एमआयडीसीचा. आपल्याला सिन्नरच्या पुढचं, पुणे रोडवरचं गोंदे हवं. मॅपवर नुसतं गोंदे टाकू नका, इंटरचेंज निवडा. आपल्याकडून द्वारका, नाशिकरोड, शिंदे, सिन्नर, मग गोंदे.

ए-१०३: दुसरी गाडी सीएनजी आहे ना? सिलिंडरची चाचणी दर ३ वर्षांनी लागते. मुदत प्लेटवर बघा. उन्हात भरलेला गॅस कमीही बसतो. आणि वाटेत सगळीकडे पंप मिळेल असं धरू नका, पेट्रोलची टाकी सिन्नरलाच भरून घ्या.

बी-२०२: प्लेट बघतो. धन्यवाद काका.

ए-४०१: साडेचारला गेटवर जमायचं, साडेपाचपर्यंत गोंदे. पुढे साडेपाचशेच्या वर किलोमीटर. बाहेर पडताना अंतराप्रमाणे टोल कापला जातो, कारला १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे. साडेअकराशेच्या आसपास होईल, फास्टॅगमध्ये जाण्यायेण्याचे मिळून अडीच हजार ठेवा.

बी-१०१: वेळ चांगली आहे, पण एक ध्यानात घ्या. रस्ता पूर्वेला जातो. शिर्डी ओलांडताना सूर्य उगवतो आणि पुढचे दोन तास बरोबर समोर असतो. काच आतून पुसा. आतून साचलेला धुरकट थर एरवी दिसत नाही, उन्हाची तिरीप आली की समोर पांढरा पडदा होतो. ओल्या फडक्याने एकदा, कोरड्याने एकदा, तेही आदल्या रात्री. परतताना पहाटेच निघा, ऊन पाठीला राहतं.

आणि कारला १२० ची मुभा आहे म्हणून १२० धरू नका. ५५० किलोमीटरला १०० ने साडेपाच तास लागतात, १२० ने ४ तास ३५ मिनिटं. त्या ५५ मिनिटांसाठी टायर आणि इंजिन किती तापवायचं? रस्ता सरळसोट आहे, वळण नाही, गाव नाही. उघड्या डोळ्यांनी डुलकी लागते. दर दोन तासांनी उतरायचं, चालायचं, ड्रायव्हर बदलायचा. जालना, मेहकर, कारंजा अशा टप्प्यांनी.

सी-३०४: सात सीटरमध्ये सात जण बसलो तर डिकी उरतच नाही. बॅगा कुठे?

ए-४०१: मांडीवर 😄

बी-१०१: मांडीवर नको आणि मागच्या काचेपाशी रचूनही नको. ब्रेक लागला की बॅग डोक्यात येते. माणशी एकच मऊ बॅग घ्या, ती सीटखाली दाबता येते.

सी-२०१: लहान मुलं तीन आहेत म्हणून सांगते. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासात असला अंदाज नको. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. अंग तापलंय, घाम थांबलाय, मूल असंबद्ध बोलतंय असं दिसलं तर पन्ह्यावर थांबू नका. अंग ओलं करून वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा. पार्क केलेल्या गाडीत मुलांना पाच मिनिटंही ठेवायचं नाही.

बी-२०२: खायला काय घ्यावं?

सी-२०१: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. बटाट्याची भाजी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत आंबते. काकूंसाठी खव्याचे पेढे नकोत, आठ तासांच्या उन्हात वास येतो. मनुका आणि चिवडा न्या. आंबा न्यायचा तर कडक, गवतात रचलेला. पिकलेला हापूस डिकीत शिजतो.

सी-३०४: येताना संत्री आणू सगळ्यांना!

सी-२०१: मेमध्ये नागपुरी संत्री कुठली? मृग बहार फेब्रुवारी-मार्चला उतरतो, आंबिया दिवाळीच्या सुमाराला. बर्फी आणा.

ए-१०३: पार्किंगचं उत्तर अजून आलेलं नाही.

ए-४०१: काका, मागे राहणाऱ्या दोन्ही गाड्या कुंपणाच्या बाजूला लावतो, किल्ल्या तुमच्याकडे देतो. चालेल?

ए-१०३: चालेल.

बी-३०२: आत्ता काकूंशी बोलले. आधी "काही त्रास नाही गं" म्हणाल्या. लॉजचं सांगितलं तेव्हा जरा थांबून म्हणाल्या, बरं होईल, मला अजून जमिनीवर बसता येत नाही, गाद्या घालणं काढणं होत नाही. पण सोमवारी रात्री गोळाभात त्याच करणार. डाळीचा भरडा आम्ही काढून ठेवू आणि भांडी आपण घासू, असं मी कबूल करून घेतलंय.

ए-४०१: वहिनी, मीच आधी काकूंना विचारायला हवं होतं. तीन खोल्यांचं आजच बघतो. तुम्हीही चला ना, सीएनजीवाल्या गाडीत एक जागा आहे.

बी-३०२: बघते. काकांनी एकच मागितलंय, आपल्याकडचा उन्हाळ कांदा, दहा किलो.

ए-१०३: विकत घेऊ नका. निफाडहून शनिवारी आमच्या कांदाचाळीतला येतोय, त्यातला काढून देतो. जाळीच्या गोणीत देईन, प्लास्टिकमध्ये बांधू नका. बंद गाडीत कांद्याला घाम सुटतो आणि मानेपाशी सडतो. गोणी बॅगांखाली दाबू नका. पोचल्याबरोबर वाऱ्याला पसरायला काकांना सांगा.

अध्यक्ष: काकांना सोसायटीतर्फे नमस्कार सांगावा. पंपाची वही अजून त्यांच्याच अक्षरातली चालू आहे म्हणावं.

बी-१०१: कांद्याचे दहा किलो वाढले. मागच्या टायरना फुल लोडचाच आकडा. पहाटे, गाडी थंड असताना. साडेचारला गेज घेऊन गेटवर उभा आहे, दोन्ही गाड्या तपासून मगच सोडतो.