कॅनॉलच्या कडेला चालायला आणि सायकलला मिळून एकच रस्ता, कसा प्लॅन करायचा?

कालवाकाठ: नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात मुठा उजव्या कालव्याजवळ राहतो. कॅनॉलच्या कडेनं जो मातीचा रस्ता आहे त्यावर पहाटेपासून लोक चालायला असतात, शाळेची पोरं सायकली घेऊन तिथूनच जातात कारण मेन रोडवर त्यांना पाठवायची कुणाची छातीच होत नाही. तीन-चार सोसायट्यांनी मिळून ठरवलंय की हा रस्ता नीट करून घ्यायचा. रुंदी बऱ्याच ठिकाणी चार मीटर भरते, पुलाजवळ मात्र जेमतेम अडीच. पहिल्या मीटिंगचा निम्मा वेळ दिवे कुठले आणि बाक किती यातच गेला. सुरुवात कुठून करू?

सिव्हिलवाला: आधी जागा कुणाची ते बघा, बाक नंतर. कालवा आणि त्याचा भराव जलसंपदा खात्याचा, महापालिकेचा नाही, त्यामुळे त्यांची एनओसी नसेल तर पुढचं सगळं कागदावरच राहील. गाळ काढायला त्यांचा जेसीबी आत यायला लागतो, तेवढी वाट मोकळी ठेवा. आणि भरावात खोदकाम नको, मोठी झाडंही नकोत, मुळं आत शिरली की बांध कमजोर होतो. सप्टेंबर २०१८ मध्ये हाच कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि लोकांच्या घरात पाणी शिरून संसार गेले, हे विसरून चालणार नाही.

रोजची_सायकल: दादांचं बरोबर आहे. माझं म्हणणं रुंदीबद्दल. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) गाइडलाइनप्रमाणे फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते, समोरासमोर दोन सायकली जायच्या तर आणखी दोन मीटर धरा, म्हणजे चार मीटरमध्ये कसंबसं बसतं. अडीचमध्ये बसतच नाही, तिथे उगाच पांढरा पट्टा मारू नका, सायकलवाल्यानं उतरून हातात धरून न्यायची असा सरळ नियम करा. मी स्वतः रोज सायकल चालवतो आणि तरी हेच म्हणतो, चालणाऱ्याचा हक्क पहिला. आणि पेव्हर ब्लॉक अजिबात नको!! सायकल खडखडते, पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि ब्लॉक खचले की म्हातारी माणसं ठेचकाळतात. साधं काँक्रीट, वर झाडू फिरवून खरबरीत केलेलं, तेच बरं.

सुमनकाकू: आम्हा बायकांची भीती वेगळीच आहे. सायकल मागून येते ती ऐकूच येत नाही, एकदम कोपराला हँडल घासून जातं. घंटी लांबूनच वाजवा रे बाळांनो. आणि अ‍ॅक्टिव्हा, बुलेटवाले आत शिरणार त्यांचं काय करणार?

सिव्हिलवाला: काकू, खरी गोची तिथेच आहे. गाड्या अडवायला रस्त्याच्या तोंडाशी खांब लावले तरी व्हीलचेअर जायला त्या खांबांमध्ये निदान ९० सेंमी तरी फट ठेवावी लागते, बरी म्हणजे १.२ मीटर, आणि स्कूटर साधारण ७० सेंमीची असते. म्हणजे नुसत्या खांबांनी दुचाकी थांबत नाही. खांब जवळ आणले तर व्हीलचेअर अडते, ते तर नकोच. गाड्या आत का येतात ते शोधा, बहुतेक वेळा पुढच्या चौकाचा सिग्नल चुकवायला. एका टोकाला त्यांना बाहेर पडता येणार नाही अशी रचना झाली तर शॉर्टकटचा फायदाच उरत नाही.

कालवाकाठ: हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे सिग्नल चुकवायलाच येतात सगळे. या रविवारी टेप घेऊन दर पन्नास मीटरला रुंदी मोजतो, शाळेच्या पोरांनाही बरोबर घेतो. एनओसीचा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर चालेल का, की नगरसेवकांमार्फतच द्यावा लागतो?

सिव्हिलवाला: लेटरहेडवर द्या, सगळ्या सोसायट्यांच्या सह्या घ्या, सोबत मोजमापाचा नकाशा जोडा. आवक शिक्का मारलेली कॉपी मात्र हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका.