मॉरिशसची हिरवी पाल: स्थानिक की मादागास्करची? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार. मॉरिशसमध्ये काढलेल्या दोन पालींच्या फोटोंवरून आठवडाभर डोकं खाजवतेय. दोन्ही फेल्सुमा प्रजातीतल्या, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या आणि दिवसा वावरणाऱ्या. बाहुलीही उभ्या फटीसारखी नाही, चांगली गोल आहे.

पहिलीबद्दल फारशी शंका नाही. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानात, केवड्याच्या भाऊबंदांपैकी एका झाडाच्या पानांच्या बेचक्यात बसली होती. अंग हिरवट निळं, पाठीवर लाल ठिपके, शेपूट निळीशार. मी बघत असतानाच तिने जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा पुसला! यांना पापण्या नसतात हे वाचलं होतं, पण समोर बघताना श्वास रोखून धरला होता. ही फेल्सुमा सेपेडियानाच ना?

अडलंय ते दुसरीपाशी. ती एका बागेत माडाच्या खोडावर दिसली. नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत लाल रेघ, पाठीवर मोजके लाल डाग. यावरून मादागास्करची फेल्सुमा ग्रँडिस वाटते. पण ती पूर्ण वाढली की पाऊण फुटाच्या वर जाते, आणि ही जेमतेम वीतभर होती. मग हे ग्रँडिसचं पिल्लू, की मॉरिशसचीच फेल्सुमा गिंबोई? मानेवर निळसर छटा आहेशी वाटते, पण खात्री देता येत नाही. फोटो गार सकाळचा आहे, आणि गारठ्यात या पाली काळपट पडतात. म्हणून नुसत्या रंगावर विसंबायला मन घेत नाही.

एवढं खोलात शिरायचं कारण म्हणजे ग्रँडिस तिथली नाही, माणसांमुळे पोचली आहे. ती आकाराने मोठी, स्थानिक पालींची जागा बळकावते आणि लहान पालींना खातेही. रूसिया सिम्प्लेक्स ही वेल जगात फक्त मॉरिशसमध्ये आहे. तिचं परागीभवन सेपेडियाना करते, फळांतलं बीही तीच पसरवते. पाल गेली तर वेलीचं काय होणार?

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावं: ग्रँडिसचं पिल्लू आणि पूर्ण वाढलेली गिंबोई यांत रंग सोडून आणखी काय बघायचं? नाकावरची लाल रेघ पुरेशी खूण आहे का? ग्रँडिसच असेल तर फोटो आणि ती नेमकी कुठे दिसली हे तिथल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनला आजच कळवते.