मदत हवी आहे: वास-चाचणीच्या बाटल्या उन्हाळ्यात कशा टिकवायच्या?
गावात साठीपुढच्यांच्या स्मृतिचाचणीसोबत वासही तपासतोय. अल्झायमर, पार्किन्सनमध्ये वास घेण्याची क्षमता बरेचदा इतर लक्षणांआधी मंदावते. ४० वासांच्या तयार अमेरिकी चाचणीतले कित्येक वास इथे अनोळखी, म्हणून हिंग, वेलची, मेथी, मोहफुलं, संत्र्याची साल घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत भरली. डोळे मिटून हुंगायचं, मग चार चित्रांतून एक निवडायचं, दोन वासांत ३० सेकंद थांबायचं. नुसतं नाव विचारलं तर शब्द आठवतो का तेच मोजलं जातं. कापूर, लवंग बाद: नाकात झोंबतात, वास गेलेल्यालाही कळतात. सर्दीवाले वगळले. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारे वगळले तर उरेल कोण? त्यांची फक्त वेगळी नोंद.

अडचण ४५ अंशांच्या उन्हाची. साल लवकर वास गमावते, फ्रिज नाही. ती वाळवून ठेवावी की तेलात? आणि दर आठवड्याला बाटल्यांची तीव्रता सारखीच आहे, हे यंत्राशिवाय कसं तपासायचं?