‘अरिवे गुरु’ की ‘ज्ञानमेवामृतम्’? विद्यापीठाचं बोधवाक्य लोकांच्या भाषेत का नको?

शहापूरकर:
परवा बेळगावच्या खडे बाजारात बाबांची पदवी लॅमिनेट करायला नेली. १९७४ची, धारवाडची. इतकी वर्षं पत्र्याच्या नळीत राहून कडा तपकिरी झालेल्या. वर कर्नाटक विद्यापीठाचा शिक्का, त्यात कन्नडमध्ये ‘अरिवे गुरु’. दुकानातल्या मराठी पोरानं वाचलं आणि म्हणाला, “काका, अरिवी म्हणजे कापड की. कापड गुरू कसं काय?” मागं उभ्या असलेल्या कन्नड आजी पोट धरून हसल्या. “अरिवू रे, अरिवू! म्हणजे समज.” झालं, पोराला बोधवाक्य कळलं.

आता कोल्हापूर बघा. १९६२ साली मराठी मुलखात शिवाजी महाराजांच्या नावानं विद्यापीठ निघालं आणि बोधवाक्य ‘ज्ञानमेवामृतम्’. धारवाडला बाराव्या शतकातल्या शरणांची, म्हणजे बसवेश्वरांच्या पंथातल्या संतांची, कन्नड बोली पुरली, आपल्याला संतांची का पुरू नये?

खानापूरचा मास्तर:
सीमाभागात राहून हे लिहितोस म्हणजे कमाल आहे बाबा. इथं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर नि कुठली खाली, यावरून डोकी तापतात. संस्कृत कुणाच्याच घरात बोलत नाहीत, म्हणून तर ती चालते. ‘ज्ञान’ आणि ‘अमृत’ निपाणीच्या बाजारात मराठी माणसाला विचार, कन्नड माणसाला विचार, दोघंही सांगतील. ‘अरिवू’ किती मराठी लोकांना सांगता येईल?

आणि म्हैसूर विद्यापीठ? १९१६ पासूनचं, कन्नड मुलखातलं. त्यांनी गीतेच्या चौथ्या अध्यायातलं ‘न हि ज्ञानेन सदृशम्’, म्हणजे ज्ञानासारखं दुसरं काही नाही, हे घेतलं. त्यांना काय कन्नड येत नव्हतं?

चंदगडी:
अमृत कळतं हो मास्तर, मधला ‘मेवा’ कळत नाही. आम्ही कॉलेजात ज्ञान, मेवा, अमृत असंच फोडायचो. आधी ज्ञान, मग सुका मेवा.

खानापूरचा मास्तर:
ज्ञानम् एव अमृतम्. ‘एव’ म्हणजे आपला ‘च’. ज्ञानच अमृत.

निपाणीची लेक:
भाषेवरून भांडताय, पण संस्कृत वाक्यं निवडणाऱ्यांनी तरी मागचं-पुढचं वाचलं होतं का? पुणे विद्यापीठाचं ‘यः क्रियावान् स पण्डितः’ महाभारतातल्या यक्षप्रश्नातलं. अख्खा श्लोक सांगतो की शिकणारे, शिकवणारे आणि शास्त्रांचा विचार करणारे सगळे व्यसनी, मूर्ख. जो करून दाखवतो तोच पंडित. हे विद्यापीठाच्या दारावर! मला तर फार आवडतं. पण अर्धीच ओळ घेतली म्हणून निभावलं. मराठीत लिहिलं असतं तर प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी मोर्चा काढला असता.

मुंबई विद्यापीठवाल्यांनी तर शब्दच बदलला. महाभारतात नारद युधिष्ठिराला ‘शीलवृत्तफलं श्रुतम्’ सांगतो, म्हणजे शिकण्याचं फळ शील आणि वर्तन. यांनी ‘श्रुतम्’ काढून ‘विद्या’ घातलं, म्हणून ‘फलं’चं ‘फला’ होऊन ‘शीलवृत्तफला विद्या’ झालं. बदलायला कुणाची हरकत नव्हती, मग मराठीच करायचं होतं की.

शहापूरकर:
मास्तर, तुमच्या ‘एव’वरून एक लक्षात आलं. कन्नडमध्ये शेवटचा ‘वे’ लांब आहे, अरिवेऽ, आणि तो लांब ए म्हणजे आपला ‘च’च. आखूड म्हटला की कापड. कन्नड लिपीत दोन्ही ए वेगळे लिहितात, देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा, म्हणून ते पोर फसलं. म्हणजे धारवाड आणि कोल्हापूर, दोघंही ‘च’वर अडून बसलेत.

पण माझा मुद्दा तसाच आहे. आमचे आजोबा बेळगावात शिकून मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. १९४९ला कर्नाटक विद्यापीठ निघालं, बाबा त्याच कॉलेजात शिकून धारवाडचे. २०१०पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ, आता पुतणी तिथली. घर हललं नाही, शिक्के तीन. त्यातलं एकच वाक्य आमच्या घरात बोलण्यात आलं, ते कन्नड. बाबा चिडले की म्हणायचे, “अरिवे गुरु, डोकं वापर.”

खानापूरचा मास्तर:
घरात रुळलं ते बाबांमुळं, भाषेमुळं नव्हे. बरं, करून दाखव मराठीत. ‘समजच गुरू’? शिक्क्यावर घालून बघ कसं दिसतं.

चंदगडी:
रिक्षाच्या मागं बरं दिसेल.

शहापूरकर:
रिक्षामागचं लोक वाचतात तरी.