प्रतिसाद: अलींचं गद्य

‘नहजुल बलागा’ म्हणजे चौथे खलिफा अली यांची म्हणून सांगितली जाणारी प्रवचनं, पत्रं आणि वचनं यांचा अरबी संग्रह. हे सगळं शिया विद्वान शरीफ रझींनीच रचून अलींच्या नावावर खपवलं, हे वर आलेलं मत मला टोकाचं वाटतं. रझींनी बगदादला हे संकलन केलं ते १०१०च्या सुमारास, म्हणजे ६६१ साली इराकमधल्या कूफ्यात अलींची हत्या झाल्यावर साडेतीनशे वर्षांनी. शंका रास्तच. पण ‘माणसाला जे उत्तम जमतं तीच त्याची किंमत’ हे वचन बसऱ्याचा अरबी लेखक जाहिझ याने अलींचं म्हणून आधीच नोंदवलंय, आणि तोंड भरून वाखाणलंय. जाहिझ रझींच्या जन्माआधी शंभर वर्षं वारला! मूळ अरबीत मोजून पाच शब्द. एकही काढून बघा, वाक्य कोसळतं. लांबलचक प्रवचनांबद्दल मात्र मीही हात राखूनच बोलेन.