स्वतःची मराठी जॅझ गाणी रेकॉर्ड करायचीत, क्लिकवर की एकत्र?

गिरगावकरीण: वांद्र्याला जॅझ स्टँडर्ड्स (जॅझमधली जुनी, सगळेच गातात ती गाणी) गाते. आता स्वतःची मराठी गाणी बांधलीत. स्टुडिओवाला म्हणतो, एकेक वाद्य क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर, वेगवेगळं घेऊ, स्वस्तात पडेल. पण आमचा ड्रमर ब्रशने वाजवतो, बेसवाला माझा श्वास बघून थांबतो. क्लिकवर नुसती कवायत होते हो! काय करू?

माहीमचा बेस: एकत्रच वाजवा. तुम्ही मात्र बूथमध्ये (स्टुडिओतली छोटी बंद खोली), म्हणजे झांजांचा आवाज तुमच्या माइकात शिरणार नाही आणि एखादी ओळ नंतर बदलता येईल. तालीम बाहेर उरकून जा, स्टुडिओचं भाडं तासावर.

जुना श्रोता: १९३० च्या दशकात ताजमध्ये जॅझ वाजायचा. पुढे गोव्याचे कितीतरी वादक सिनेसंगीतात गेले. तिथेही अख्खा ताफा एकत्रच वाजवायचा. क्लिक कसलं डोंबलाचं!

कागदपत्रे: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण, तिन्हींचे हक्क वेगळे (कॉपीराइट कायदा, १९५७). चालीत कुणाचा हात असेल तर वाटा आत्ताच लिहून घ्या. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्वही घ्या.

गिरगावकरीण: एका गाण्यातला ब्रिज, म्हणजे मधला वेगळ्या चालीचा तुकडा, पियानोवाल्याचा आहे, आजच बोलते त्याच्याशी. पण बूथमधून बेसवाला दिसायलाच हवा. मोठ्या काचेचा बूथ दादरकडे कुठे आहे का?